गॅमा फंक्शनची शर्यत

नाशिकच्या आमच्या छोट्या कंपनीत द्राक्षवाल्यांसाठी अवकाळी पावसाचा अंदाज काढतात. त्या हिशोबात गॅमा फंक्शन नावाचं एक किचकट गणित लाखो वेळा करावं लागतं. आमच्यातल्या निफाडच्या मुलीने ते सगळं ज्युलिया नावाच्या नव्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं होतं. तिच्या घरची द्राक्षबाग, त्यामुळे जीव ओतून लिहिलेलं. प्रोग्राम पसंत पडला तर काम तिच्याकडे राहणार, नाहीतर तिला ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घ्यायला बसवणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी सी भाषेतला जुना माणूस. कालच्या पोरींनी नवी भाषा आणली की माझं डोकं फिरतं. म्हटलं, लावू शर्यत! दोन्ही भाषांत तेच गणित चालवलं. माझं डोळ्याचं पातं लवायच्या आत संपलं, तिचं रेंगाळलं. मीटिंगमध्ये मी आकडे दाखवले आणि वर म्हणालो, "बाई, बैलगाडी घेऊन विमानाशी स्पर्धा करू नये." सगळे हसले. तीही हसली, कसनुसं. सोमवारपासून ती फोनवर बसली.

पुढे एका ग्राहकाला दाखवायचं म्हणून मी माझ्या प्रोग्रामला उत्तर छापायला सांगितलं आणि तो एकदम मंदावला. मी प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ तपासली. आधी मी उत्तर कुठे वापरलंच नव्हतं. ते कोणालाच नकोय हे बघून कंपायलरने, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाने, गणितच गाळून टाकलं होतं. म्हणजे माझा प्रोग्राम काहीही न करता जिंकला होता! उलट तिच्या भाषेला पहिल्यांदा चालवताना तयार व्हायला लागतो तो वेळही मी तिच्याच माथी मारला होता. नीट मोजलं, तर दोघं बरोबरीत. तीच जराशी पुढे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. लाज लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत तिला गाठलं. "अगं, माझं मोजायचं चुकलं."

"माहितीये सर. मी त्याच दिवशी घरी मोजून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळे हसत होते ना. आणि तुम्ही मोजलंय म्हटल्यावर वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल." मग डबा बंद करत म्हणाली, "सर, हे सगळ्यांसमोर सांगाल?"

"हो हो, सांगतो की," मी म्हणालो. आणि साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, हळू आवाजात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिचं काम तिला परत मिळालं. का, ते साहेबांनी कोणाला सांगितलं नाही, मीही नाही. पण मला केबिनमध्ये जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं. चहाच्या वेळी ते म्हणाले, "सरांचं मन मोठं हं, पोरीला पुन्हा संधी दिली." ती माझ्या समोरच उभी होती. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो.