ओठ मिटून म्हणायची प्रार्थना

अमरावतीतलं लग्न आटोपून सकाळी अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. शेजारच्या बाई फोनवर सांगत होत्या, "जमीन तापून राहिली बापा, इतक्यात पेरू नोको."

जमीन हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीआधी तो पहलवीत होता, त्याही आधी अवेस्तीत, 'झम्' या रूपात. पारशांच्या प्रार्थनांची ही अवेस्ती वेदांच्या भाषेची सख्खी बहीण. एवढं पुस्तकांतून ठाऊक होतं. ती भाषा कानांनी ऐकायला मी बेहरामकाकांकडे निघालो होतो.

काका जिनातून (सरकी काढण्याच्या कारखान्यातून) निवृत्त झालेले पारशी, वय एक्क्याऐंशी. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. आवाज राहील याची डॉक्टरांना खात्री नव्हती. नागपूरच्या मुलीसाठी, रोशनसाठी, त्यांची अग्नीची प्रार्थना मी रेकॉर्ड करायची, असं ठरलं होतं.

दुपारी काकांच्या घरी त्यांच्या शेजारीण शोभाताईंनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली. "काकाजी, आधी पानी घ्या. आवाज फाटून राहिला तुमचा."

"फाटला तं फाटला. चिंध्या तुलेच देईन."

जेवणानंतर दिव्याकडे तोंड करून त्यांनी सुरुवात केली. उच्चार स्वच्छ होते. मध्येच ओठ मिटले, नुसती गुणगुण उरली. घसा दुखला असेल, असं समजून मी रेकॉर्डर थांबवला.

"बंद काहून (का) केलं?"

"ऐकू येत नाही, काका. जरा मोठ्यानं म्हणा."

"ते मोठ्यानं म्हनत नाहीत."

मोठ्यानं म्हणायचा भाग अवेस्तीत. मधले तुकडे नंतरच्या, पहलवी वळणाच्या भाषेत. जुनीत नवी मिसळू नये, म्हणून ते ओठ मिटूनच म्हणायचे.

"मग रोशनला कसं कळेल?"

"मले बाबानं जवळ बसवून शिकवलं. तिलेबी यावं लागन. सुट्टी भेटत नाही म्हनते."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

पुण्याची गाडी येईपर्यंत अकोला स्टेशनवर मी ते ऐकलं. एकूण चौदा मिनिटं. तीन ठिकाणी मिळून दोन मिनिटं दहा सेकंद फक्त गुणगुण आणि पंख्याची घरघर. रोशनला फोन करून आकडा सांगितला.

"एवढंच ना? पुस्तकात आहे ते."

"पुस्तकात शब्द आहेत. म्हणायचे कसे, ते त्यांच्याजवळ बसूनच कळेल. आज शुक्रवार आहे."

ती म्हणाली, "उद्या सकाळी पोचते."

रविवारी दुपारी पुण्यात तिचा फोन आला. दोन तुकडे शिकून झाले होते. तिसऱ्याला बाबा दमले, संध्याकाळी पुन्हा बसणार होते. अवेस्ती किती शतकं टिकली, याचे अंदाज मला तोंडपाठ आहेत. त्या दिवशी मात्र मी घड्याळाकडे पाहून संध्याकाळ व्हायला किती तास उरले तेवढंच मोजलं.