गुंतवळातले चार काळे केस

एकवीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवते. भूत, भानामती, करणी, दृष्ट... यातलं काही मानत नाही. वर्गात लिंबू-मिरचीची टिंगल करणारी बाई ती मीच. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण आता दोन वर्षं झाली, मनात ठेवून ठेवून डोकं उठलंय. नावं बदलली आहेत. ज्या शहरात हे घडलं त्याचं नावही लिहीत नाही, तिथल्या लोकांनी पुरेसं सोसलंय.

आम्ही सांगलीला विश्रामबागेत राहतो. खालच्या मजल्यावर मी, हे आणि पोरं, वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ रूपाली. दीर फौजेत, कायम सीमेवर. सासूबाई – आम्ही त्यांना आत्ती म्हणतो – गावी, मेढ्याजवळ.

आता रूपालीबद्दल. खरं लिहायचं ठरवलंय तर खरंच लिहिते... मला तिचा हेवा वाटतो. वाटायचा नाही, वाटतो! दिसायला बरी म्हणून नाही. त्या पोरीच्या ओंजळीत सगळं आपोआप येऊन पडतं. मी दोन तास राबून पुरणपोळ्या करायच्या आणि आत्तींनी म्हणायचं, "रूपीच्या हातचा च्या लय झ्याक." मी आजारी पडले की "वय झालं", ती शिंकली की घरभर धावपळ. आणि केस... कमरेच्या खाली शेपटा, टोकांना लालसर रंग लावलेला. माझे टायफॉइडमध्ये गेले ते गेलेच, मानेपर्यंत कापून टाकलेत.

ती नवी नवरी होती तेव्हा तिची वेणी मीच घालायचे. शेवटी रिबीन बांधायच्या आधी एक हिसका द्यायची माझी सवय, म्हणजे वेणी घट्ट बसते. ती ओरडायची, "आई गं! ताई, मान ऱ्हाऊ द्या की जाग्यावर!" मग कधीतरी मी वेणी घालणं बंद केलं. कारण काही नाही, बघवेना.

त्या वर्षी कॉलनीतल्या आम्ही अकरा जणींनी उत्तरेकडची सहल ठरवली. आखणी सगळी माझी. कुठल्या दिवशी काय बघायचं, कुठे जेवायचं, वहीची चार पानं भरली होती. चौथ्या दिवसापुढे मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं – 'सकाळी जुना बाजार, शालींची दुकानं.' मोहरी रंगाचं एक जाकीटही घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याशिवाय, पोरांशिवाय कुठेतरी निघाले होते.

निघायच्या दहा दिवस आधी आत्ती गोठ्याशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन. आता त्यांच्यापाशी कोण राहणार? ह्यांनी चहा पिता पिता सांगून टाकलं, "तुला जास्त कळतं दवाखान्यातलं. तू थांब. तुझ्या जागी रूपालीला जाऊ दे, बिचारी कुठे जात नाही." बिचारी! वर आणखी, "तुझं ते जाकीट दे तिला, तिकडे थंडी असेल."

दिलं. हसत दिलं. घडी घालून.

तर तो दिवस. मिरजेतलं हॉस्पिटल, दुसरा मजला, दोन खाटांची खोली. पलीकडची खाट त्या दिवशी रिकामी होती. खोलीत मी आणि आत्ती, बस्स. आत्तींना कुशीवर करून मी त्यांचे केस विंचरत होते. फणी नवी होती, आदल्याच दिवशी समोरच्या दुकानातून आणलेली, कारण घरची विसरले होते. आत्तींचे केस पांढरेशुभ्र आणि बोटभर रुंद वेणी होईल एवढेच. औषधाला काळा केस नाही.

फोन उशाशी टेबलावर होता. ग्रुपवर फोटो आला. वेळ अजून माझ्या फोनमध्ये आहे – अकरा एकेचाळीस. एका शालीच्या दुकानाच्या पायरीवर रूपाली, माझं जाकीट, तो शेपटा पुढे घेतलेला, दात काढून हसतेय. खाली लिहिलेलं, 'ताई, तुमच्या यादीतलं दुकान सापडलं!!'

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझी यादी, माझं दुकान, माझं जाकीट... आणि मी इथे बेडपॅन धुतेय! दातओठ खात मी मोठ्याने म्हटलं, "राहा तिकडंच. येऊच नकोस परत." आणि हातातल्या वेणीला असा हिसका दिला की बास.

"आगं आगं आगं!" आत्ती कळवळल्या. "मुंडकं उपटतीस का काय?"

मला एकदम लाज वाटली. पडलेल्या, ऑपरेशन झालेल्या म्हातारीवर राग काढला मी. "चुकलं, आत्ती," म्हटलं. मुठीत केस आले होते. आत्तींची जुन्या बायकांसारखी शिस्त, केस इकडेतिकडे टाकायचे नाहीत. बोटाभोवती गुंडाळून गुंतवळ करायचं, त्यावर थू करायचं आणि पिशवीत ठेवायचं. गावात केसांवर भांडी देणारी बाई येते तिला देतात. दवाखान्यातसुद्धा दुधाची रिकामी पिशवी त्यासाठी ठेवलेली. मी न बघता केस गुंडाळले, थू केलं, पिशवीत टाकले आणि हात धुतले.

सव्वाबाराला ह्यांचा फोन आला. आवाजच वेगळा. "रूपालीशी बोलणं झालं का? टीव्ही बघ."

जुन्या बाजारात बॉम्बस्फोट. पर्यटकांची गर्दी बघून केलेला. टीव्हीवर तीच पायरी दिसत होती... म्हणजे पायरी तेवढी दिसत होती, वर दुकान नव्हतं. वेळ सांगत होते पावणेबाराच्या सुमारास.

तिचा फोन लागेना. बाकीच्या बायका एकेक करून ग्रुपवर आल्या. त्या रस्त्यापलीकडे चहाला थांबल्या होत्या, दोघींना काचा लागल्या, जिवाला धोका नाही. रूपाली? "ती दुकानात शिरत होती," एवढंच सगळ्या म्हणत होत्या. सीमेवरून दिरांचा फोन आला. तो माणूस कधी आवाज चढवत नाही. नुसता म्हणत होता, "वहिनी, ती हाय नव्हं? वहिनी?"

मी काय सांगणार होते? मी तर तिला येऊ नकोस म्हणून बसले होते. दोन तास मी त्या खाटेच्या कठड्याला धरून उभी होते आणि विज्ञान शिकवणारी मी, कुणाकुणाला म्हणून नवस बोलले ते सांगत नाही. जाकीट घे, यादी घे, आत्तींची सगळी माया घे, पण ये बाई.

दोन वाजून दहा मिनिटांनी अनोळखी नंबर वाजला.

"ताई, मी हाय."

मला रडूच फुटलं. तिने पहिला फोन मला केला होता, दिरांना नाही.

चार दिवसांनी ती थेट मिरजेला, आत्तींच्या खोलीत आली. कोपर सोललेलं, बाकी धड. खाटेवर बसून तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"फोटू टाकला आन् फोन पर्समधी ठेवला. एक पाय दुकानात. त्यो दुकानदार म्हातारा, 'आओ बेटी' म्हणून शाल उलगडाय लागलेला. तेवढ्यात मागनं कुणीतरी शेपटा धरून असा वडला, मी पायऱ्यांवरनं खालीच! पर्स उडाली. वाटलं कुणीतरी टवाळ असंल. मी चप्पल घेतली हातात आन् बाजूच्या बोळात शिरली त्येला हुडकत. सापडला असता तर हाणलाच असता. बोळाच्या टोकापातूर गेली, कुणी न्हाई. आन् मग त्यो आवाज झाला..."

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमचाच हिसका हुता त्यो. मला काय वळखू येत न्हाई व्हय? धा वर्षं झाली, पण तस्साच."

मी हसण्यावारी नेलं. ती खाली चहा आणायला गेली आणि मी ती दुधाची पिशवी उघडली.

गुंतवळात पांढरे केस होते. आणि त्यांच्यात गुंडाळलेले चार काळे. दोन-दोन हात लांब, टोकांना लालसर.

आता शंका घ्या, मीही घेतल्या. तिचे केस माझ्या कपड्यांना चिकटून आले असतील? ती निघून पाच दिवस झाले होते, फणी कोरी होती, पिशवीत त्याआधी पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. तरी शक्य आहे म्हणू. पण मी ते शाळेतल्या मायक्रोस्कोपखाली बघितले. चारही केस मुळासकट होते. गळलेल्या केसाचं मूळ वेगळं दिसतं, ओढून उपटलेल्याचं वेगळं. हे उपटलेले होते. ते तिचेच आहेत का हे तपासून घेता येतं म्हणे. मी नाही तपासलं. जुळले नाहीत तर काय, ही भीती नाही मला. जुळले तर काय, ही आहे.

रूपाली सगळ्यांना सांगते, ताईंच्या मायेनं वाचले. हळदीकुंकवात, लग्नात, जिथे तिथे. बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी पदराशी चाळा करत बसते. कसली माया? त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. आणि त्या दुकानात जे होते, त्यातलं कुणीच राहिलं नाही. शाल उलगडणारा तो म्हातारा... त्यालाही कुणीतरी मागे ओढायला हवं होतं. हा विचार आला की झोप लागत नाही.

एकदा आत्तींपुढे मन मोकळं केलं. त्या आता काठी घेऊन चालतात, आमच्याकडेच असतात. म्हटलं, "आत्ती, त्या दिवशी मी काय बोलले ते ऐकलं होतंत?"

"ऐकलं की. भैरी न्हाई मी."

"मग कुणाला सांगितलं नाहीत?"

त्या सुपारी कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तोंड म्हणालं येऊ नगं. हात वडत हुता. मी कुणाचं खरं धरू?"

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा, फक्त 'योगायोग' एवढा एकच शब्द लिहू नका, तो मी हजारदा लिहून खोडलाय.

हेवा गेला का? नाही हो! गेल्या महिन्यात दिरांना मोठा बंगला असलेलं पोस्टिंग मिळालं, रूपाली तिकडे गेली. परवा फोटो आला, अंगणात गुलाब, झोपाळा, झोपाळ्यावर ही. माझी पुन्हा तळपायाची आग मस्तकात. तेव्हा मी आत्तींची वेणी घालत होते. आधी वेणी सोडली, फणी खाली ठेवली, हात धुऊन आले... आणि मग तिला लिहिलं, 'छान दिसतेस. ये लवकर.'