देवाची बायको

दोन हजार पाच सालच्या मे महिन्यात, अमेरिकेतल्या शुगर लँडच्या आमच्या घरात, मी माझ्या बारा वर्षांच्या मुलीला पाहुण्यांसमोर मारलं.

तिचा सहावीचा प्रोजेक्ट होता. प्राचीन काळी इजिप्तच्या दक्षिणेकडच्या नुबियाचे राजे इजिप्तवर राज्य करत, तेव्हा राजाची बहीण किंवा मुलगी मोठ्या देवळात मुख्य पुजारीण होई. तिला देवाची पत्नी म्हणत. त्या पुजारणी देवापुढे एक खुळखुळा वाजवत. मुलीने तारेचा हँगर वाकवून, त्यात बाटल्यांची पत्र्याची बुचं ओवून तसा खुळखुळा केला होता. सोमवारी तो वर्गात वाजवायचा होता.

रविवारी जेवणं झाल्यावर ती चादर गुंडाळून हॉलमध्ये आली, खुळखुळा हलवला आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "मी देवाची बायको आहे."

ओळखीच्या एक काकू हसत म्हणाल्या, "अगं बाई, पोरीला मुरळी सोडली की काय?"

सगळे हसले. काकूंना माहीत असणार कुठून? माझी आत्या खरोखरच मुरळी होती. लहानपणीच खंडोबाशी तिचं लग्न लावून घरच्यांनी तिला देवाला सोडलं आणि नंतर तिचं नावही टाकलं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी उठून मुलीच्या थोबाडीत दिली. मग आणखी एक. खुळखुळा ओढला, तो ती सोडेना. तार तिच्या तळव्यातून कापत गेली. मी तो अनवाणी पायांनी तुडवला. बुचं टाचेत घुसली, तरी तुडवत राहिलो. गालिच्यावर दोघांचं रक्त पडलं. बायकोने मला भिंतीवर ढकललं. पाहुणे चपला घालून गेले.

मुलगी रडली नाही. म्हणाली, "बाबा, ती राजाची बहीण होती. शी वॉज इन चार्ज."

मला आत्या आठवली. एका भाऊबीजेला ती वडिलांना ओवाळायला आली होती, गळ्यात कवड्या, हातात मुरळीची घंटा. वडिलांनी तीच घंटा हिसकावून तिच्या कपाळावर हाणली. शेजारीण धावत आली, तेव्हा पदराने रक्त दाबत आत्या म्हणाली, "उंबऱ्याला अडखळले."

सोमवारी मुलगी पट्टी बांधून, रिकाम्या हाताने शाळेत गेली. टीचरनी काय विचारलं, ते संध्याकाळी मी घाबरत विचारलं.

"काही नाही. म्हटलं, बनवताना तार लागली."

तेव्हा तिला आत्याचं सांगायला हवं होतं. मी नुसती पट्टी बदलली.