बेवारस प्रोसेस

...तर कॉलरताई त्या सर्व्हरच्या खोलीत शिरली, इथवर काल आलो होतो. शिरली खरी, पण बसेना. बसणार कशी? खुर्ची थोरल्या भावाची, आणि भाऊ जाऊन हिवाळा उलटलेला.

कॉलरताई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवता शिवता तिची मान पुढं झुकली ती झुकलेलीच राहिली, म्हणून पडलेलं नाव. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा दादाच म्हणाला होता, "ते मशीन चालवलंस ना? आता हे चालव. यात सुई तरी टोचत नाही!" दादा एका प्रशिक्षण केंद्रात लॅब सांभाळायचा. सर्व्हर चालते ठेवायचे, शिकणाऱ्यांची खाती उघडायची, गेलेल्यांची पुसायची. ताई तिथंच सर्व्हर चालवणारी लिनक्स प्रणाली शिकू लागली. टाके घालावेत तशी एकेक कमांड घालायची, चुकली की उसवायची, पुन्हा घालायची. आणि शिकणं अर्ध्यात असताना दादा गेला.

त्याची जागा रिकामी होती. ताईकडं दुसरं काम नव्हतं, मिळायची आशाही नव्हती. केंद्रात शिकवणाऱ्या मास्तरांनी तिला सरळ सांगितलं, "प्रात्यक्षिकात पास व्हा, जागा तुमची. दादांचं खातं पुसायचं आणि तुमचं नवं उघडायचं. पण मशीनवर बेवारस, म्हणजे ज्याचं खातंच उरलं नाही असं काही चालू दिसलं तर नापास. तिथं भाऊ-बहीण चालणार नाही हं!"

एवढं बोलून मास्तर शेजारच्या वर्गावर गेले. बाहेर भर दुपारचं ऊन, आत मात्र अंगावर काटा यावा असा गारवा. पंख्यांची एकसुरी घरघर, कुणी झोपेत श्वास घ्यावा तशी. ताई पदर सावरून बसली. मशीनवर काय काय चालू आहे, ते आधी विचारलं. यादी सरसरत खाली आली आणि ताईचे डोळे एका ओळीवर थबकले. तिथं दादाचं नाव होतं. माणूस स्मशानात, अन् नाव कामावर!

नीट वाचायला ती पुढं वाकली मात्र, स्क्रीनवर आपोआप अक्षरं उमटली. रोमन लिपीत, पण बोली घरचीच. "दादाकडून: ताठ बस."

ताईच्या पाठीतून कळ गेली. लहानपणी ती पाटीवर वाकली की दादा पाठीवर बोट टेकवायचा आणि हेच म्हणायचा. बोट नेमकं जिथं टेकायचं, तिथंच आता गार लागलं. तिनं मागं वळून पाहिलं. दार बंद.

"अगं, घाबरतेस काय," ती स्वतःशीच पुटपुटली. दादाचीही पाठ दुखायची. स्वतःला आठवण राहावी म्हणून त्यानं ठरावीक वेळानं हे बोलणारी प्रोसेस, म्हणजे मशीनच्या आत आपोआप चालत राहणारं काम, लावून ठेवली असणार, आणि तो गेल्यावर मशीन कुणी बंदच केलं नसणार. असणारच. पण ती परत वाकली, आणि परत ओळ आली.

खातं पुसायची कमांड दिली तर मशीन अडून बसलं: या खात्याचं काम चालू आहे. आधी ती प्रोसेस मारा. आता वर्गात प्रोसेस मारणं, म्हणजे बंद करणं, रोजचंच, तिनं ढीगभर मारल्या होत्या. पण इथं बोट उठेना. शेवटी तिनं पळवाट काढली. जबरदस्तीनं पुसायची जी खूण असते, ती लावली आणि डोळे मिटून कळ दाबली.

खातं गेलं. प्रोसेस राहिली. यादीत दादाच्या नावाच्या जागी नुसता एक आकडा उरला, मशीन आतून खात्याला ज्या आकड्यानं ओळखतं तो. आणि पुढची ओळ आली ती अशी: "???कडून: ताठ बस."

ताईनं ओळ पुन्हा वाचली. नाव पुसलं, हाक मात्र शिल्लक! बेवारस म्हणतात ते हेच. आता मारावीच लागणार, नाहीतर जागा गेली. दाराबाहेर मास्तरांच्या चपला वाजल्या. गडबडीत तिनं आधी स्वतःचं खातं उघडलं, दादा हाक मारायचा त्या 'धाकटी' नावानं, निदान तेवढं तरी झालेलं दिसावं म्हणून.

आता गंमत बघा. दादाचं खातं सगळ्यांत शेवटी उघडलेलं होतं. ते गेल्यावर पुढचा मोकळा आकडा म्हणून मशीननं त्याचाच आकडा हिला दिला. ताईला याचा पत्ता नव्हता. ती त्या प्रोसेसचा नंबर बघायला यादीकडं वळली, तर त्या ओळीवर आता तिचंच नाव होतं.

मास्तर आत आले, तिच्या खांद्यावरून वाकून बघू लागले. तेवढ्यात स्क्रीनवर ओळ उमटली: "धाकटीकडून: ताठ बस."

"हे काय? दादांची प्रोसेस अजून जिवंतच?" मास्तर चमकले. "बाई, बेवारस दिसलं तर नापास, म्हणालो होतो ना?"

कॉलरताईनं कधी नव्हे ती मान वर काढली.

"बेवारस कसं, मास्तर? नाव वाचा की, माझंच आहे. आणि असे वाकून काय बघताय, तुम्हालाही सांगतोय तो, ताठ बसा."