बावखलाची एक्केचाळीस पानं

उमंग हल्ली फोनवर नुसता ‘जेवलो’ म्हणतो, काय जेवला ते सांगत नाही. तीन आठवडे मीराच्या डोक्यातून ही गोष्ट जात नव्हती. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर तिने मनावर घेतलं नसतं. पण उमंग कॉमिक्स लिहायचा, आणि चित्र डोळ्यांपुढे उभं केल्याशिवाय त्याला साधी खिचडीही सांगता यायची नाही. ‘‘आई, डावीकडे अर्धा पाव, उजवीकडे गार झालेली उसळ, मध्ये मी, कपाळाला हात लावून,’’ असं त्याचं जेवण तिच्यापर्यंत यायचं.

गंमत म्हणजे त्याला स्वतःला चित्र काढता येत नव्हतं. शाळेत घोडा काढला की खाट दिसायची. मग तो खाली लिहायचा, ‘हा घोडा आहे. दमलाय, म्हणून बसलाय.’ बाई हसून मार्क द्यायच्या. लिहायची खोड तिथूनच लागली असावी. पुढे इंजिनीअर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस राजीनामा देऊन आला. एव्हरशाईन सिटीतल्या घरात वडिलांचे, जयवंतांचे, रोजचे टोमणे नकोत म्हणून फुलपाड्याला आणखी दोघांबरोबर भाड्याने खोली घेतली. विम्याच्या जाहिराती, दवाखान्यांची माहितीपत्रकं, जे मिळेल ते फ्रीलान्स लिहायचा आणि उरलेल्या वेळात ‘बावखल’.

बावखल म्हणजे वाड्यांमधलं जुनं पाणसाठ्याचं तळं. ते बुजवून त्यावर सात मजली इमारत उभी राहते, आणि सातव्या मजल्यावरच्या बाईच्या नळातून एक दिवस मासा येतो, अशी ती गोष्ट. चित्रं काढायचा एल्रॉय, पापडीचा. उमंगचा कॉलेजपासूनचा मित्र. सातव्या मजल्यावरची बाई मीराच होती. ती सिंकपाशी उभी राहायची, एल्रॉय मोबाईलवर फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र करायचा.

‘‘आंटी, मासा आलाय, झुरळ नाही. एवढं नका किंचाळू.’’

‘‘अरे, नळातून पापलेट आलं तर मी आधी भाव विचारीन!’’

हे वाक्य उमंगने तिथल्या तिथे लिहून घेतलं होतं.

पुस्तकासाठी त्यांनी क्राउडफंडिंग केलं तेव्हा जयवंत म्हणाले, ‘‘म्हणजे वर्गणीच ना? मग पावतीपुस्तक घेऊन फिरा सोसायटीत.’’ पण तीनशे बारा अनोळखी लोकांनी छापायच्या आधीच पुस्तक मागवलं. मीराने नातेवाइकांना तेराशे मेसेज पाठवले, त्यांतल्या फक्त चौघांनी. त्या रात्री उमंग जिना चढून आला तो धापा टाकत, ‘‘आई, लोकांना हवंय गं!’’

आणि तरीही मीराने ते केलं.

महिनाभरापूर्वी, पावसाळा संपता संपता, ती ब्लाउज शिवायला टाकायला एल्रॉयच्या आईकडे, फ्लॉसीकडे, गेली होती. उमंग त्या महिन्यात तापाने फणफणला होता आणि डॉक्टरकडे न जाता अंगावर काढत होता. ते पाहून ती हादरली होती. फ्लॉसीने माप घेता घेता आपलंच दुखणं काढलं.

‘‘पुण्याच्या गेम कंपनीचं पत्र आलंय एल्रॉयला. जाईना बघ, बाय. म्हणतो, उमंगला मध्येच कसा सोडू?’’

मीराच्या तोंडून निघून गेलं, ‘‘उमंगचंच मन उडालंय त्यातून. भिडेपोटी बोलत नाही इतकंच. तुझ्या पोराने सोडलं तर सुटल्यासारखं होईल त्याला.’’

फ्लॉसीचा हात टेपवर थांबला. ‘‘खरं सांगतेस?’’

‘‘खोटं कशाला सांगू?’’

ते शुद्ध खोटं होतं. तिला वाटलं होतं, चित्रकार गेला की हे खूळ संपेल, उमंग घरी येईल, महिनाभर रुसेल आणि मग कुठेतरी चिकटेल. फ्लॉसीने ते एल्रॉयला सांगितलं आणि चौथ्या दिवशी तो फुलपाड्याला जाऊन उमंगला म्हणाला, ‘‘राहू दे रे आता. तू पण सूट, मी पण सुटतो.’’ तो पुण्याला गेला. शहाण्णवपैकी एक्केचाळीस पानं झाली होती.

उमंग घरी राहायला आला नाही. रुसलाही नाही. एल्रॉयचं नावसुद्धा त्याने काढलं नाही. फक्त बोलण्यातली चित्रं गेली. मीराने दोनदा विचारलं, ‘‘दुसरा चित्रकार बघ की रे.’’ तो म्हणाला, ‘‘बघतो.’’

आज संध्याकाळी तिच्या मोबाईलवर पत्र आलं. पुस्तक मागवणाऱ्या सगळ्यांना त्याने पाठवलं होतं आणि त्या यादीत तीही होती. सगळ्यांचे पैसे परत मिळतील, थोडा वेळ द्या, असं आधी होतं. मग होतं: ‘माझ्या चित्रकार मित्राचा यात काही दोष नाही. तो रोज माझी गोष्ट वाचत होता, आणि ती कच्ची आहे हे माझ्याआधी त्याला कळलं. मी यापुढे कॉमिक्स लिहिणार नाही.’

तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. मग जयवंतांसमोर बसून पहिल्यांदा सगळं सांगितलं, ब्लाउजच्या मापापासून.

‘‘तुझ्यावर बोट ठेवायला मी कोण,’’ जयवंत म्हणाले. ‘‘मलाही तेच हवं होतं.’’

‘‘त्याला वाटतंय हो, त्याची गोष्टच वाईट होती.’’

‘‘रविवारी येईल तेव्हा बोल. असलं फोनवर बोलतात का?’’

‘‘रविवारी मी सुरमई तळीन, त्याला आग्रह करीन आणि गप्प बसेन. मला ठाऊक आहे मी कशी आहे ते.’’

‘‘परत पाऊल नाही टाकलं त्याने या घरात तर?’’

मीराने त्याचाही विचार केला होता. तो येणार नाही. फ्लॉसी कदाचित दारात उभी करणार नाही. एल्रॉयने नोकरी सोडून यावं असं तर ती आता कुठल्या तोंडाने म्हणणार? पुस्तक होईल की नाही, तिला माहीत नव्हतं. पण ती गोष्ट कच्ची नव्हती, आणि एल्रॉय का गेला हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तिनेच सांगणं भाग होतं.

तिने मोबाईलवर उमंगचं नाव काढलं. जयवंत उठायला लागले.

‘‘मी आत जातो.’’

‘‘नको, बसा इथेच,’’ ती म्हणाली, आणि तिने फोन लावला.