टॉपातला चढ

माझा स्वभाव तापट आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला सज्जन समजायला नको.

हुलसूरच्या बाहेर आमचं रान आहे, सगळी काळी माती. पाऊस झाला की पाणंदीत असा चिखल होतो की पाय टाकला तर चप्पल आतच राहते. माझी छोटी पिकअप त्यात पोटावर बसायची आणि मग ट्रॅक्टरवाल्याची मनधरणी करावी लागायची. मला कुणाची मनधरणी जमत नाही. म्हणून मी गाडीला जीपचे मोठे टायर बसवले. त्यासाठी मागचे स्प्रिंगचे पाटे वर उचलून घेतले, मडगार्डची कड कापली. गाडी वीतभर उंच झाली, आणि खरं सांगायचं तर मीही झालो.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की इंजिनाचा आवाज खाली आलाय. गणित सोपं आहे. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. इथवर माझं बरोबर होतं. पण कमी फिरतं म्हणजे कमी झिजतं, आता हे इंजिन माझ्या नातवापर्यंत जातंय, असा निकालही मी लावून टाकला आणि भेटेल त्याला सांगत सुटलो.

आमच्याकडं कोहिनूर गावाच्या वाटेवर एक लांब चढ आहे. चढ संपतो तिथं चहाचं हॉटेल. तिथं बसणाऱ्यांना खालून येणाऱ्या गाडीच्या आवाजावरून कळतं की ड्रायव्हरनं गिअर कुठं खाली टाकला. भरलेली गाडी टॉपात, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरात, वर आणली तर तो खरा ड्रायव्हर. मध्येच तिसरा टाकला, की "अण्णा, दम लागला काय?" म्हणून चहा होईपर्यंत चिडवणार. मी कधीच खाली टाकला नाही. गाडी थरथरायची, गिअरचा दांडा हातात नाचायचा, पण टॉप सोडायचा नाही. आवाज कसा, मांजर गुरगुरल्यासारखा. मला तो फार आवडायचा.

माझी बायको संतपूरची. माहेरी बापाचा ट्रॅक्टर ती लग्नाआधीपासून चालवायची, त्यामुळं पिकअप शिकायला तिला आठवडाही लागला नाही. लायसन्स काढलं आणि तिनं बायकांची टोळी जमवली, खुरपणीला, काढणीला लांबच्या रानांत जायला. टोळीची मुकादम तीच आणि ड्रायव्हरही तीच. पोरं शाळेत गेली की निघायचं, शाळा सुटायच्या आत परत. गडीमाणसाच्या गाडीत बायकांना ही वेळ कोण देणार? माझ्या गाडीत मीसुद्धा देत नव्हतो. असं चार महिने चाललं, आणि त्या चार महिन्यांत माझी बायको जशी बोलायची, हसायची, तशी मी तिला आधी पाहिली नव्हती.

पण चालवायची ट्रॅक्टरसारखी. भार असला की खालचा गिअर, आणि इंजिन मोकळं फिरू द्यायचं. मी म्हणायचो, "कामून बोंबलायला लावायलीस त्याला?"

ती म्हणायची, "अवो, मागं भार हाय. टायर मोठे केलाव तुम्ही, आता टॉपात त्याला ओढंना. फिरू द्या की."

बायकोकडून इंजिन शिकायचं म्हणजे माझ्या अंगाचा तिळपापड.

एकदा खुरपणीच्या दिवसांत मी तिच्याशेजारी बसलो होतो, मागं टोळीच्या सगळ्या बायका. चढ लागला. तिनं तिसरा टाकला, थोडं वर गेल्यावर दुसरा. गाडी मोठ्यानं आवाज करत, अगदी आरामात वर आली. हॉटेलातनं एकजण म्हणाला, "काय अण्णा, आज गाडी लई वरडायलीय?" झालं. मी तिथंच गाडी थांबवायला लावली.

"गाडीचा जीव घ्यायलीस काय? उतर खाली."

सगळ्यांसमोर. हॉटेलातले बघत होते, मागच्या बायका बघत होत्या. ती उतरली आणि पुढं माझ्याशेजारी न बसता मागं बायकांत जाऊन बसली. त्यानंतर तिनं गाडी मागितली नाही आणि मीही विचारलं नाही. बायका थोडे दिवस माझ्या वेळेनं आल्या, मग शेजारच्या गावातल्या एका जीपवाल्याकडं गेल्या. माझी बायकोही त्याच जीपमध्ये जायला लागली, साधी मजूर म्हणून.

तुरी निघाल्या तेव्हा गाडी आतून ठोके द्यायला लागली. आधी चढावर, मग सपाटीवरही. आता इथं मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते. हॉटेलात बसून मी म्हणालो, "चार महिने बायकोच्या हातात दिली व्हती ना, वरडवून वरडवून वाट लावली तिनं." सगळ्यांनी माना हलवल्या. गोष्ट गावभर झाली, टोळीतल्या बायकांपर्यंत गेली, तिच्यापर्यंतही गेलीच असणार.

बसवकल्याणच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं. म्हातारा माणूस, अर्धं मराठी आणि अर्धं दखनी बोलणारा. क्रँकचं बेअरिंग त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूनं पार खाल्लेलं.

"टॉप में चढायलाव ना लोड घेऊन?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "पण ते हळू फिरायचं की. आवाजसुद्धा न्हाई. वरडायचं ते दुसऱ्याच्या हातात, चार महिने."

"वोइच तो. हळू फिरतंय आन् भार तेवढाच. एकेक धक्का सीधा बेअरिंग पे. हळू फिरलं तर आइलचा जोरबी कमी. टायर मोठे करून तुमी सगळे गिअर लांब केलाव, इंजिनाला ओढायला जड. खाली टाकायचा नै क्या?" मग हात पुसत म्हणाला, "जो आवाज करते चढाया, उसने तो बचाया इसको. कोण हाय दुसरा ड्रायव्हर?"

मी म्हणालो, "हाय एक."

त्या दिवशी माझ्या तोंडातनं 'बायको' हा शब्द निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ती भाकरी थापत होती, तेव्हा सांगितलं. "मिस्त्री म्हणाला, तुझंच बराबर व्हतं."

तिचा हात थांबला नाही. "मला कामून सांगायलाव? मला ठावंच हाय. जितं बोललाव तितं सांगा."

हॉटेलात सांगितलं. लोक हसले, दोन दिवस चिडवलं. ते सोपं गेलं. मग इंजिन बसवून झाल्यावर हरभऱ्याच्या रानात गेलो, बायका जेवायला बसल्या होत्या तिथं. उभ्या उभ्या म्हणालो, "गाडी माझ्या हातनं बिघडली. हिच्या हातनं न्हाई. मी खोटं बोललो." एकही बाई हसली नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "बरं केलास बाबा सांगितलास." आणि भाकरीकडं वळली. माझी बायको खाली बघत जेवत होती.

संध्याकाळी काम सुटल्यावर मी तिला म्हणालो, तू चालव. ती बसली. दोन-तीन बायकाही मागं चढल्या, आणि हरभऱ्याच्या ओल्या पेंढ्या होत्याच, गाडी चांगली भरली होती. मला बरं वाटत होतं. झालं गेलं मिटलं, असं वाटत होतं.

चढ लागला. ती टॉपात होती. अर्ध्यात गेल्यावर गाडी थरथरायला लागली, गिअरचा दांडा नाचायला लागला, आवाज खाली खाली गेला. तिचा हात स्टिअरिंगवरच. डोळे वर, हॉटेलाकडं.

"अगं, खालचा टाक की," मी म्हणालो.

"आवाज व्हईल," ती म्हणाली.

मी म्हणालो, होऊ दे. तिनं गिअर बदलला नाही. गाडी तशीच गुरगुरत, धक्के खात वर आली. हॉटेलातलं कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. इंजिन मिस्त्रीनं दुरुस्त करून दिलं होतं. हिचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.