द्वारकेचं मौन

मुरुम गावच्या तुळजाबाईंची लेक द्वारका घरी चोळ्या शिवायची आणि कायम पदर तोंडाशी धरून बोलायची. खालचा जबडा पुढं आलेला, खालचे दात वरच्यांच्या बाहेर. पुढच्या दातांनी भाकरीचा तुकडा तोडणं तिला कधी जमलंच नाही.

बासष्ट साली हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आधी तारा लावून दात रांगेत घेऊ, मग जबडा कापून मागं सरकवू. वर्षभर ती उमरग्याहून मोटार धरून हैदराबादला जाऊन तारा आवळून घेऊन येई. तुळजाबाई शेजारी सांगत, "मावशीकडं जातीया." पोरीचं हाड कापणार म्हटल्यावर गाव काय म्हणेल, ही त्यांची धास्ती.

पुढच्या श्रावणाच्या तोंडावर जबडा कापला. हाड जुळेपर्यंत वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. द्वारका घरी आली ती तोंड मिटूनच. दूध, ताक, पातळ पेज दाढेमागच्या फटीतून नळीनं ओढायची. दातांतून पुटपुटता येई, पण डॉक्टरांनी तेही नको म्हटलेलं.

श्रावणात बाईमाणूस बोलत नाही, भाकरीला शिवत नाही, म्हटल्यावर गल्लीनं काय समजायचं ते समजून घेतलं. सोमवारी बायका नारळ घेऊन आल्या, पाया पडल्या. द्वारकेनं पाटीवर लिहिलं, 'व्रत नाही.' वाचता एकीलाही येत नव्हतं. त्यांनी पाटीलाच हळदकुंकू वाहिलं. तुळजाबाईंनी नारळ आत नेऊन ठेवले. द्वारकेला मात्र देवापुढं दिवा लावताना मान वर करवेना.

अशात शेजारची शांतम्मा नातवाला घेऊन आली. पोर तापानं फणफणलेलं, मान टाकलेली.

"ह्येचा बाप उमरग्याला डाक्टरकडं न्यायचं म्हणत हुता. म्या म्हनलं, डाक्टर कशाला, दारातच पुण्याई बसलीया. हात फिरव गं माय."

द्वारकेनं आईकडं पाहिलं. आईनं नजर खाली घातली. जबडा सरकला तर सरकला, असं मनाशी म्हणून ती दातांतून बोलली, "मौन न्हाय, काकू. आपरेशन झालंय. लेकराला दवाखान्यात न्या, आत्ता."

शांतम्माचे डोळे भरले. "माझ्या नातवापायी व्रत मोडलंस?"

मग द्वारकेनं तोंडावरचा पदर बाजूला केला, ओठ वर उचलला आणि तारा दाखवल्या. शांतम्मा वाकून बघतच राहिली.

"तारेनं तोंड शिवून घेतलंस? असलं कडक व्रत आमच्या मठातल्या जंगमानंबी केलं न्हाय."

शेवटी तुळजाबाईच पुढं झाल्या. "व्रतबित काय न्हाय, शांतम्मा. पोरीचा जबडा कापलाय. म्याच लपवलं. उठा, म्या येते संगं." पोराला घेऊन दोघी उमरग्याच्या मोटारीत बसल्या.

सुईऔषधानं ताप उतरला. मग शांतम्मानं जबड्याची हकीकत घरोघर सांगितली, थोडी वाढवूनच. नावं कुणी ठेवली नाहीत, नारळ तेवढे बंद झाले. द्वारका दिव्यापुढं पुन्हा निवांत बसू लागली. तारा सोडताना डॉक्टरांनी पाहिलं, हाड जागच्या जागी जुळलं होतं.

पुढं एकदा परगावची बाई आपल्या तसल्याच जबड्याच्या लेकीला घेऊन पत्ता विचारत आली. पोर पदराआड तोंड लपवून उभी. द्वारकेनं तिला जवळ बसवलं आणि आपलं तोंड उघडून म्हणाली, "नीट बघून घे गं. मग विचार काय विचारायचं ते."